सूनबाईंसमोर सुरळीत चालणारा लॅपटॉप

गुरुवारी सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी सूनबाई मेमरीच्या पट्टीला खोडरबर घासत होत्या. पट्टी बोटभर लांब, कडेला सोनेरी दात असलेली. खोडरबर शाळकरी पोरांचं, वर हत्तीचं चित्र. लॅपटॉपमधली ही पट्टी काढून तिचे दात खोडरबरने पुसले आणि परत बसवली, तर न चालणाऱ्या दहापैकी तीन लॅपटॉप चालू लागतात, असा त्यांचा सतरा वर्षांचा अनुभव आहे. उरलेल्या सातांपैकी दोन लॅपटॉपच्या मालकांनी चार्जर भिंतीत लावलेला नसतो.

दुकान दहा फूट बाय आठ फूट. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘घड्याळ दुरुस्ती’ आणि खाली निम्म्या उंचीच्या अक्षरांत ‘व लॅपटॉप’. निम्मी उंची हा तह आहे. दुकान मूळचं सासऱ्यांचं. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, रोज नऊला येतात, भिंतीवरच्या अकरा घड्याळांना चावी देतात आणि मग दिवसभर डोळ्याला भिंग लावून गिऱ्हाइकांकडे बघत बसतात. हल्ली लोक घड्याळाचा सेल बदलायला येतात. सेल बदलण्याला ते दुरुस्ती मानत नाहीत. तो त्यांच्या लेखी नाइलाज आहे. लॅपटॉपबद्दल त्यांची तक्रार एकच, की त्याला टिकटिक नाही.

“टिकटिक नसेल तर जिवंत आहे की मेलंय, कळायचं कसं?” असं ते विचारतात.

“पंखा फिरतो, बाबा.”

“पंखा फिरणं म्हणजे जिवंत असणं नव्हे. आपल्या बँकेतही पंखे फिरतात.”

सासरे त्यांना सूनबाई म्हणतात, म्हणून सगळी गल्ली म्हणते. बँकेचे मॅनेजर म्हणतात, वीस वर्षांनी लहान असलेला पोस्टमन म्हणतो, आणि एकदा त्यांच्या सख्ख्या आईनेही दुकानात फोन करून “सूनबाई आहेत का?” असं विचारलं होतं.

लग्नाआधी त्या एका छापखान्यात टायपिंग करत. तिथला कॉम्प्युटर एका दुपारी बंद पडला, दुरुस्तीवाला चार दिवसांनी येणार होता, आणि सूनबाईंनी जेवणाच्या सुट्टीत नेलकटरच्या कानशीने तो उघडला, फुंकर मारली आणि परत मिटला. तो चालू झाला. सात स्क्रू उरले. कॉम्प्युटर पुढे सहा वर्षं त्या सात स्क्रूंशिवाय चालला. लग्न ठरायच्या वेळी ही हकिगत सासऱ्यांच्या कानावर गेली आणि ते हादरले. घड्याळजी माणूस एक स्क्रू उरला तरी रात्री झोपत नाही. मुलगी घरात आली तर निदान ते स्क्रू कुठले याचा छडा लागेल, या आशेवर त्यांनी होकार दिला असं घरात सांगतात. छडा अजून लागलेला नाही. सूनबाईंचे यजमान पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचतात. वाचतात म्हणजे फक्त वाचतात. त्यांनी घरात बल्ब बदलायला घेतला तर सासरे आणि सून दोघंही खुर्ची धरायला येतात.

सूनबाईंच्या कामाची एक रीत आहे. गिऱ्हाईक आलं की त्या वहीत दोन रकाने भरतात. पहिल्यात तक्रार, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता. त्यामुळे वहीत ‘रुसलाय’, ‘उठतो पण अंथरुणातून बाहेर येत नाही’, ‘आधी शिट्टी मारतो मग अंधार’ अशा नोंदी आहेत. दुसऱ्या रकान्याचं नाव ‘तुम्ही काय केलंत’. तो रकाना सतरा वर्षांत बहुतेक एकाच वाक्याने भरला आहे. मी काहीच केलं नाही.

त्या सकाळी पट्टी जागेवर बसत होती तेवढ्यात टेलरमास्तर आले. गळ्यात टेप, शर्टावर निळ्या धाग्यांचे तुकडे, डाव्या मनगटावर टाचण्यांची गादी आणि हात रिकामे.

“सूनबाई, तो परत मेला,” मास्तर म्हणाले.

“कधी?”

“पहाटे पाच वाजता. अगदी पासवर्डाच्या तोंडावर.”

“मग आणला का नाहीत?”

“आणून काय उपयोग? तुमच्या दुकानात तो शहाण्या मुलासारखा वागतो. सोमवारी वागला, काल वागला. घरी नेला की मला बघून डोळे मिटतो. मला वाटतं त्याला तुमच्यासमोर लाज वाटते.”

सूनबाईंनी वहीत ‘मला बघून डोळे मिटतो’ असं लिहिलं.

“तुम्ही काय केलंत?”

“मी काहीच केलं नाही.”

मास्तर तिसऱ्यांदा आले होते. सोमवारी त्यांनी लॅपटॉप ठेवला, तेव्हा तो सरळ सुरूसुद्धा होत नव्हता. निळ्या पडद्यावर स्वतःचीच तपासणी करत बसला होता. सूनबाईंनी बॅटरी सोडवली, बटण तीस सेकंद दाबून धरलं, पट्टीला खोडरबर लावलं, स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून डिस्क तपासली. सगळं ठणठणीत. पासवर्डाची चौकट पडद्यावर आली, मास्तरांनी लांबूनच ती पाहिली, “वा” म्हणाले आणि घेऊन गेले. बुधवारी तेच. पासवर्ड टाकून आत जाऊन बघा असं सूनबाईंनी दोन्ही वेळा सुचवलं होतं. मास्तरांनी दुकानातल्या माणसांकडे एकेक करून पाहिलं आणि पासवर्ड घरचा आहे, घरीच टाकतो, असं सांगितलं. दुकानात त्या वेळी सासरे आणि पोस्टमन होते.

आता प्रश्न लॅपटॉपचा उरला नव्हता, मापांचा होता. अग्निशमन दलाच्या बँडपथकाचे छत्तीस नवे कोट मास्तरांनी शिवायला घेतले होते. कापड आलं होतं, बटणं आली होती. गणवेशाच्या कारखान्यातलं विजेवर चालणारं कापायचं यंत्र त्यांना एकाच दिवसासाठी मिळणार होतं, शुक्रवारी सकाळी आठपासून. म्हणजे उद्या. आणि छत्तीस जणांची मापं फक्त त्या लॅपटॉपमध्ये होती.

“वही कुठाय?” सूनबाईंनी विचारलं. मापांची वही नसलेला शिंपी त्यांनी पाहिला नव्हता.

मास्तर घसा साफ करून म्हणाले, “वहीचे कॉलर झाले.”

“म्हणजे?”

“पुतणी सुट्टीत आली होती. तिने सगळी मापं लॅपटॉपमध्ये घातली. म्हणाली, काका, आता वहीची गरज नाही. मला कॉलरचे साचे कापायला जाड कागद हवा होता. वहीचा कागद चांगला होता.” त्यांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. “आकडे आहेत अजून त्यांच्यावर, पण ढोलवाल्याची कंबर दोन कॉलरांत विभागली गेली आहे. तिसरा आकडा शिलाईखाली गेला.”

पुतणी रविवारी वसतिगृहावर परत गेली होती. तिथे परीक्षेच्या आठवड्यात मुलींचे फोन जमा करून घेतात, ते शनिवारी परत मिळतात. जाताना तिने एक शहाणपणाही करून ठेवला होता. सगळी डिस्क कुलूपबंद केली होती, म्हणजे पासवर्डाशिवाय ती काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी आत नुसता भुसा दिसला असता.

“मापं परत घ्या ना. अग्निशमन केंद्र दोन चौकांवर तर आहे,” सासरे भिंगातून म्हणाले.

मास्तरांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांनी पोहत समुद्र ओलांडायला सांगितलं होतं. ही मापं घ्यायला त्यांना तीन आठवडे लागले होते. छत्तीसही वादक आधी आग विझवणारे आणि मग वादक. टेप छातीभोवती गेली की भोंगा वाजायचा. पहिल्या दिवशी अर्धं पथक मधेच निघून गेलं. दुसऱ्या दिवशी ट्रंबोनवाला एका बाहीला टाके घातलेला नमुन्याचा कोट अंगात घालूनच गाडीवर चढला आणि एका गोदामाची आग विझवून आला. बाही परत आली नाही. शिवाय फुंकून वाजवणाऱ्यांची दोन-दोन मापं होती, एक श्वास भरून आणि एक सोडून. ट्यूबावाल्याच्या दोन मापांत साडेचार इंचांचा फरक होता आणि त्याने श्वास भरून धरला असतानाच भोंगा वाजल्यामुळे तो तसाच जिना उतरला होता.

सूनबाईंनी खोडरबर डबीत ठेवलं. त्या सहसा गिऱ्हाइकाकडे जात नाहीत. मशीन दुकानात यावं, दुकानाने मशीनकडे जाऊ नये, हा नियम सासऱ्यांच्या काळापासूनचा. पण जो बिघाड आपल्यासमोर होत नाही तो आपल्याला दुरुस्तही करता येत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पिशवीत स्क्रूड्रायव्हर, पेन ड्राइव्ह आणि दुसरा चार्जर टाकला.

“बाबा, तुम्ही बसा. मी तासाभरात येते.”

“मीही येतो,” सासरे उठत म्हणाले. “एवढा लाजाळू लॅपटॉप मला बघायचा आहे.”

दुकानाला कुलूप लागलं. गल्लीच्या टोकाला, चपला शिवणाऱ्याच्या डोक्यावर, अकरा अरुंद पायऱ्या चढून मास्तरांची खोली होती. मधोमध कापायचं लांब टेबल, त्यावर निळ्या कापडाचा गठ्ठा, दोरीला टांगलेले कॉलरचे साचे. एका साच्यावर ‘पोट’ एवढंच वाचता येत होतं. खिडकीशी मास्तरांच्या बायको काजं करत बसल्या होत्या. त्यांना गल्लीत सगळे वहिनी म्हणतात. कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर लॅपटॉप मिटलेला होता आणि वहिनींनी त्यावर रुमाल टाकला होता.

“रुमाल कशाला?” सूनबाईंनी विचारलं.

“सारखं ते तोंड बघवत नव्हतं,” वहिनी म्हणाल्या. “आणि यांचं त्याच्याशी भांडण ऐकवत नव्हतं. पहाटेपासून ‘अरे ऊठ, अरे ऊठ’ चाललंय. मला वाटलं मलाच उठवतायत. दोनदा उठले.”

सूनबाई खुर्चीवर बसल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, चिन्ह आलं, चाक फिरलं, पासवर्डाची चौकट आली. त्यांनी दोन्ही हात कळफलकावर ठेवून वाट पाहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. चौकट शांतपणे उभी होती.

“बघा,” मास्तर हताशपणे म्हणाले. “तुम्हाला बघितलं की कसा उभा राहतो.”

“आता तुम्ही बसा.”

मास्तर बसले. शर्ट नीट केला. डावा हात टेकवला, उजवा उचलला, आणि पडदा काळा झाला.

सूनबाईंनी वाकून पडद्याकडे पाहिलं. अनुभवी माणूस अशा वेळी आधी नुसतं बघतो.

“यांना बघून तो झोपतो,” वहिनी काजातून मान न काढता म्हणाल्या. “मी तीस वर्षं तेच करते.”

“अगं, तू गप्प बस जरा.”

“गप्पच आहे. तोही गप्प आहे. तुम्हीच बोलताय.”

काळ्या पडद्यापुढे मास्तरांनी सवयीने बटणावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. लॅपटॉप पुरता बंद झाला. सूनबाईंनी ते टिपून घेतलं. दर वेळी असा गळा दाबला तर पाच-सहा वेळांनी तो निळा पडून स्वतःची तपासणी करत बसणारच. सोमवारचं कोडं सुटलं. पडदा मुळात काळा का होतो, हे कोडं बाकी होतं.

पुढचा पाऊण तास पद्धतशीर होता, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो वेडेपणा वाटला असता. चार्जर बदलला. सूनबाई बसल्या, चालू. मास्तर बसले, काळा. चार्जर काढून बॅटरीवर. सूनबाई, चालू. मास्तर, काळा. खुर्ची बदलून लाकडी स्टूल घेतलं. स्टुलावरही मास्तरांना पाहून तो झोपला. कापडाच्या घर्षणाने अंगात वीज साठते, म्हणून सूनबाईंनी मास्तरांना पायातल्या रबरी चपला काढायला लावल्या, खिडकीच्या गजाला हात लावायला लावला, मग अंगावरचं सिंथेटिक जाकीट उतरवायला लावलं. गळ्यातली टेप काढली. चष्मा काढला. चष्म्याशिवाय मास्तरांना कळफलक दिसेना, पण पडदा तरीही काळा झाला, म्हणजे चष्मा निर्दोष.

“आणखी काही काढायला सांगणार असाल,” वहिनी म्हणाल्या, “तर मी दार लावून घेते.”

सासऱ्यांना यात फार रस वाटत होता. त्यांनी मास्तरांना लॅपटॉपकडे पाठ करून बसवून पाहिलं. उलटं बसून हात मागे नेल्यावर एकदा पडदा चालू राहिला. तेव्हा क्षणभर आशा वाटली, पण त्या स्थितीत कुणालाही पासवर्ड टाकता येत नाही.

सूनबाईंनी शेवटी सरळ मार्ग सुचवला.

“मास्तर, पासवर्ड सांगा. मी टाकते. माझ्यासमोर तो झोपत नाही. मापं कागदावर उतरवून घेऊ, मग काय बिघडलंय ते आठवडाभर शोधत बसू.”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. “नको.”

“छत्तीस कोट आहेत.”

“माहीत आहे.”

“उद्या आठला यंत्र आहे.”

“तेही माहीत आहे.”

“कागदावर लिहून द्या. मी वाचून फाडून टाकते.”

“मी टाकीन. मलाच टाकू द्या,” मास्तर म्हणाले. हट्टाने लाल झालेला त्यांचा चेहरा बघून वहिनींनी पहिल्यांदा सुई खाली ठेवली.

“असं काय आहे त्या पासवर्डात?” त्यांनी विचारलं. “अहो, तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे काय? ढोलवाल्याचं पोट.”

मास्तरांनी विषय बदलायला मनगटाकडे पाहिलं. “बारा वाजून गेले. जेवायची वेळ झाली.”

“बारा?” सासऱ्यांनी मान वर केली. सबंध सकाळभरात पहिल्यांदाच कुणी त्यांच्या विषयावर बोललं होतं. त्यांनी खिशातलं स्वतःचं घड्याळ काढून पाहिलं. “अकरा छत्तीस. तुमचं बारा कसं?”

“ते थोडं पुढेच जातं. मी रोज सकाळी लावतो, दुपारपर्यंत अर्धा तास पळतं.”

“दिवसाला?”

“दिवसाला.”

“किती दिवसांपासून?”

“झाला असेल महिना.”

“महिनाभर चावीचं घड्याळ दिवसाला अर्धा तास पळतंय आणि तुम्ही माझ्या दुकानात तीनदा आलात, आणि याबद्दल चकार शब्द काढला नाहीत?” सासऱ्यांच्या आवाजात खरी वेदना होती. “हात द्या इकडे.”

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक लहानसं होकायंत्र काढलं. घड्याळ एवढं पळायला लागलं की घड्याळजी आधी ते चुंबकाने भारलंय का बघतो. आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटतं. होकायंत्र जवळ नेलं तर काटा हलतो. सासऱ्यांनी ते मास्तरांच्या मनगटाशी नेलं. काटा गर्रकन फिरला आणि मास्तरांकडे रोखून थांबला. सासरे टेबलाच्या पलीकडून आले. काटा मास्तरांकडे. उकिडवे बसून खालून धरलं. काटा मास्तरांकडे.

“चाळीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं,” ते म्हणाले. “तुमच्याकडे तोंड केलं की उत्तर दिशा.”

“माझं रक्त गरम आहे,” मास्तर म्हणाले.

“रक्ताने काटा फिरत नाही. घड्याळाइतक्यानेही एवढा फिरत नाही.” सासऱ्यांनी होकायंत्र बोटभर बाजूला सरकवलं आणि घड्याळाच्या शेजारी बांधलेल्या टाचण्यांच्या गादीवर आणलं. काटा थरथरायला लागला. “हे काय बांधलंय?”

“टाचण्यांची गादी.”

“हिच्यात टाचण्या टोचलेल्या नाहीत. नुसत्या चिकटल्यात.”

“चुंबकाची आहे. पूर्वी मी टाचण्या तोंडात धरायचो. एकदा बोलता बोलता एक गिळली. मग हिने ही आणली.”

“गिळली आणि दोन दिवस मला सांगितलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “यांना काहीच सांगायचं नसतं. ना टाचणी, ना पासवर्ड.”

“घड्याळाच्या शेजारी चुंबक बांधता?” सासरे म्हणाले. “एकाच मनगटावर? मास्तर, माझ्या सुनेच्या धंद्याबद्दल मी बोलत नाही, पण माझ्या धंद्यात याला खून म्हणतात. काढा आधी ते.”

सूनबाईंनी त्या गडबडीत लॅपटॉप पुन्हा चालू करून ठेवला होता, आणि पासवर्डाची चौकट पडद्यावर होती. चौफेर बोलणी खाल्लेल्या मास्तरांनी रागाने गादीचा पट्टा सोडला आणि ती समोर जिथे जागा दिसली तिथे आपटली. लॅपटॉपच्या डाव्या कडेवर, तळहात टेकवायच्या जागी.

पडदा काळा झाला.

खोलीत कुणीही लॅपटॉपच्या जवळ बसलेलं नव्हतं.

सूनबाईंनी गादी उचलली आणि बटण हलकेच दाबलं. चौकट आली. गादी ठेवली. पडदा काळा. उचलली, बटण. चौकट. त्यांनी हे पाच वेळा केलं, सहावी वेळ सासऱ्यांनी मागून घेतली, सातवी वहिनींनी.

“झाकणात एक चिमुकला चुंबक असतो,” सूनबाई म्हणाल्या, “आणि इथे खाली, कळफलकाच्या डाव्या बाजूला, तो ओळखणारा एक तुकडा. झाकण मिटलं की चुंबक जवळ येतो, लॅपटॉप समजतो की झोपायची वेळ झाली. तुमचा डावा हात टेकला की त्याला वाटतं झाकण मिटलं.”

“म्हणजे मी हात ठेवला की तो बिचारा अंथरुणात शिरतो,” मास्तर म्हणाले.

“आणि तुम्ही वर त्याचा गळा दाबता.”

“पण पुतणीच्या हाताने का नाही झोपला?”

“ती टाचण्या लावत नव्हती. टायपिंग ती करत होती, तुम्ही सोमवारी पहिल्यांदा केलंत.” मग जे खरं होतं तेही त्यांनी सांगितलं. “आणि मी दोनदा तपासला आणि दोन्हीदा तुम्हाला खुर्चीवर बसवलं नाही. खोडरबर घासत बसले. ती माझी चूक.”

सासरे समाधानाने भिंतीला टेकले. “होकायंत्राने सापडला,” ते म्हणाले. “पाटीवरच्या अक्षरांची उंची आहे ती बरोबर आहे.”

मास्तर खुर्चीवर बसले. गादी खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीत ठेवण्यात आली, घड्याळ सासऱ्यांच्या खिशात गेलं. डावा हात टेकला. पडदा चालू राहिला. मास्तरांनी सर्वांना तोंडं फिरवायला सांगितली. तिघांनी फिरवली. मास्तर एकेका बोटाने टाइप करतात, आणि टाइप करताना त्यांना पुटपुटल्याशिवाय करता येत नाही, हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं.

“छाती... अडतीस... कंबर... अठ्ठावीस.”

“कुणाची?” वहिनींनी भिंतीकडे बघत विचारलं. आवाज सुईसारखा होता.

“माझी,” मास्तर म्हणाले. “लग्नातली.”

वहिनी वळल्या. त्यांनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मधल्या भागावर थोडं जास्त रेंगाळत. तीस वर्षं त्यांनी त्या माणसाच्या विजारी सैल केल्या होत्या.

“अठ्ठावीस कधी होती? तीस होती. कोट मी उसवला होता, मला माहीत आहे.”

“अठ्ठावीस होती.”

“श्वास सोडून की भरून?”

यावर सासरे एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

लॅपटॉप उघडला. आत पुतणीने केलेला तक्ता होता, छत्तीस ओळी, वाद्यानुसार. बासरीवाल्यापासून मोठ्या ढोलवाल्यापर्यंत सगळे शाबूत होते. ट्यूबावाल्याचे दोन आकडे एकाखाली एक होते आणि शेजारी पुतणीने ‘काका, यातला खरा कुठला?’ असं लिहून ठेवलं होतं. त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली. मास्तरांचं म्हणणं, वाजवताना कोट अंगात बसला पाहिजे, म्हणून भरलेल्या श्वासाचं माप घ्यायचं. वहिनींचं म्हणणं, मग वाजवत नसताना तो तंबूत उभा असल्यासारखा दिसेल. शेवटी भरलेलं माप घेऊन पाठीला एक सैल चुणी द्यायची ठरली, म्हणजे ट्यूबावाला घरी जाईपर्यंत हवा त्या आकाराचा राहू शकेल.

सूनबाईंनी एक मिनिटाचं काम केलं. सेटिंगमध्ये जाऊन ‘झाकण मिटलं तर काय करायचं’ या प्रश्नापुढे ‘काहीच करायचं नाही’ हे उत्तर निवडलं. गादी पुन्हा मास्तरांच्या मनगटावर आली, हात टेकला, लॅपटॉप जागा राहिला. घड्याळ मात्र यापुढे उजव्या हाताला बांधायचं, असं सासऱ्यांनी बजावलं. त्याचं चुंबक उतरवायला ते दुकानात घेऊन जाणार होते.

“आता मापं कागदावर उतरवा,” सूनबाई म्हणाल्या. “आत्ता. माझ्यासमोर.”

“आता तर चालतोय.”

“सोमवारीही चालत होता.”

वहिनींनी नवी वही आणली. मास्तर एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले, वहिनी लिहू लागल्या. सतराव्या ओळीवर, झांजवाल्याच्या खांद्यावर, खाली रस्त्यावर भोंगा वाजला आणि अग्निशमन दलाची लाल गाडी चौकातून गेली. मास्तरांनी उठून खिडकीतून वाकून पाहिलं. गाडीवर कुणाच्याही अंगात अर्धवट शिवलेलं काही नव्हतं. ते परत येऊन अठरावी ओळ वाचू लागले. बारा वाजून पस्तीस मिनिटांनी, म्हणजे सासऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे, छत्तिसावी ओळ लिहून झाली. वहिनींनी पहिल्या पानावर ‘या वहीचे कॉलर करायचे नाहीत’ असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

सूनबाई आणि सासरे पायऱ्या उतरले. दुकानाच्या दाराशी दोन गिऱ्हाइकं उभी होती. एकाच्या हातात लॅपटॉप होता, दुसऱ्याच्या हातात सेल संपलेलं घड्याळ. सूनबाईंनी कुलूप काढलं, वही उघडली आणि पहिल्याला विचारलं, “तुम्ही काय केलंत?” तो म्हणाला, “मी काहीच केलं नाही.” सूनबाईंनी ते लिहिलं, पेन ठेवलं आणि त्याला स्टुलावर बसायला सांगितलं.

“घरी बसता तसं बसा. घड्याळ, अंगठी, काही काढू नका. आणि तुम्हीच चालू करा.”

उद्या शुक्रवार. कारखान्यातलं कापायचं यंत्र सकाळी आठला सुरू होतं आणि पाचला बंद होतं. मास्तर आणि वहिनी कापड घेऊन सव्वासातच्या बसने निघणार आहेत. आधी मोठ्या ढोलवाल्याचा कोट कापला जाईल, कारण कापड त्यालाच सगळ्यांत जास्त लागतं. दुकान नेहमीप्रमाणे नऊला उघडेल.